तुरट

गिरीनं बाटली टॉवेलात गुंडाळून आणली,
आमच्याच कारखान्याचा टॉवेल, सेकंड क्वालिटी,
काठाला एक धागा सुटलेला.
एप्रिल. अक्कलकोट रोडवर पत्रे तडतडतात.
मोबाइल म्हणतो त्रेचाळीस,
खरं किती ते पत्र्यालाच ठाऊक.

"अक्का, आधी रंग बघ. चव नंतर."
माझ्याशी कुठून सुरुवात करायची ते त्याला कळतं.
एकोणीस वर्षं रंगखात्यात आहे मी.
गिऱ्हाइकाचा तुकडा हातात धरून
दारापाशी जाते, उजेडात,
आणि सांगते: लाल चिमूटभर कमी, निळा जरा चढलाय.
ग्लास घेऊन तशीच दारापाशी गेले.

डाळिंबाचा म्हणावा, तर लाल नाही.
लाल चादर भिजवलेल्या बादलीतलं
तिसरं पाणी असतं, तसा.
वर फेस, कडेला गुलाबी,
मधे थोडी कांद्याची साल.
"हा शेड मी पास करणार नाही," म्हणाले,
"दोन बाटल्या शेजारी ठेव, जुळायच्या नाहीत."
तो हसला. "डाळिंबं तरी कुठं जुळतात?"

सांगोल्याकडची आहेत, तडकलेली,
एक्सपोर्टवाल्यानं बाजूला काढलेली,
अख्खा टेम्पो, डिझेलच्या पैशात.
पुण्यात सहा वर्षं दुसऱ्यांच्या टाक्या धुतल्या त्यानं.
आता घरामागच्या पत्र्याखाली, चार माग होते तिथं,
स्टीलच्या दोन टाक्या,
परवान्याची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर,
आणि भिंतीला कापसाचा भुरा
अजून चिकटलेला.

मी कधी प्यायले नव्हते.
पहिला घोट: थंड. बस, थंडच.
दुसऱ्यात जिभेवर टोचणी,
गड्ड्याच्या जत्रेतला गोळीसोडा,
फक्त साखर कुठंच नाही.
मग लांबून आंबट,
दातांत दाणा फुटावा
आणि फुटला का नाही कळू नये, एवढंच.
भाकरीचा वास. खरंच. कडक भाकरीचा,
डब्यात चार दिवस राहिलेल्या.
आणि गिळून झाल्यावर, सगळ्यात शेवटी,
गालाच्या आतून कुणीतरी कापड ओढून घेतलं.

ही चव माझ्या ओळखीची.
आजोबा डाळिंबाच्या सालीत सुताच्या लडी उकळायचे,
पिवळा धरावा म्हणून तुरटी टाकायचे,
बोट बुडवून जिभेला लावायचे: झालं. नाही झालं.
एकदा मलाही लावू दिलं होतं,
मी दिवसभर ओठ चाटत फिरले.
तुरट आणि तुरटी.
मराठीनं हे दोन शब्द
एकाच पातेल्यात उकळले असणार.

"हलकी आहे ना?" गिरी विचारतो.
मला हलका रंग कळतो, हलका टॉवेल
नुसता तळहातावर ठेवून कळतो,
हे कशात मोजायचं?
तेवढ्यात अम्मा आतून आली,
हाताला शेंगाचटणीचं तेल.
"तुझा बापपण हलकीच म्हणायचा.
शिंदी. सकाळची. औषध आहे म्हणायचा.
शनिवारी पाकीट हलकं.
मग माझे कान हलके झाले,
सराफाला विचार."

कुणीच काही बोललं नाही.
पत्रा तेवढा बोलत राहिला.
फेस खाली बसत गेला.

मग तिनं माझ्या हातातला ग्लास घेतला,
वास घेतला, नाक मुरडलं,
हात पदराला पुसला
आणि तर्जनी बुडवली, नखापुरती.
जिभेला लावली. डोळे मिटले,
अगदी तिच्या सासऱ्यासारखे.
"साल जास्त पडली रे," म्हणाली.
"दाण्याला पांढरा पापुद्रा असतो,
तो काढत नाहीस तू. आळशी."
गिरीनं खिशातली वही काढली,
पापुद्रा, असं लिहून घेतलं.

त्यानं पुन्हा बाटली तिरकी केली
तशी अम्मा म्हणाली, "चालु."
घरातल्या तेलुगूत याचा अर्थ पुरे.
उंबऱ्याबाहेरच्या सोलापुरात, सुरू.
गिरी तिच्या तोंडाकडे बघत राहिला,
बाटली तशीच तिरकी,
काठाशी एक थेंब,
तिसऱ्या पाण्याच्या रंगाचा.