हिरवी, तुटक रेघ

मे महिना. गोकुळपेठेतल्या ऑफिसात
कूलरच्या वाळ्यावर दोनदा पाणी मारून झालं,
तरी माउस हातातच तापतो.
पडद्यावर बेसा रोडचं लेआउट :
बहात्तर प्लॉट, दोन नाल्या, एक ओपन स्पेस,
सगळ्या रेघा सरळ,
इतक्या सरळ की पाहून पाहून मान आखडते.

ढोमणे काकांना रिटायर होऊन अकरा वर्षं झाली.
तरी येतात महिन्यातून एकदा, डोक्याला दुपट्टा बांधून.
"इकडूनच चाललो होतो," म्हणतात.
दुपारी दोनला, पंचेचाळीस डिग्रीत
कोण कुठून चाललेलं असतं?

यांनी ट्रेसिंगवरून ब्लेडनं खरवडलेली चूक
उजेडात धरली तरी सापडायची नाही.
आता कप बशीत ठेवताना
बराच वेळ वाजत राहतो.

"काय करून राहिली?"
झाडं उचलून राहिले, काका.
कोणीतरी सगळं एकाच लेयरवर ठेवलंय,
झाडं, खांब, भिंती, विहीर,
चौकटीनं धरायला गेलं की शेजारचं कंपाउंडही येतं.
म्हणून हा वेढा. बटण दाबून धरायचं
आणि हात न्यायचा तसा न्यायचा,
गुरं वळवल्यासारखा.

डावीकडून निघालं की रेघ निळी :
पूर्ण आत आलं तेवढंच आपलं.
उजवीकडून निघालं की हिरवी, तुटक :
ज्याला नुसती शिवली, तेही येतं.

काका हसले.
"मंग म्हाताऱ्याले हिरवीच बरी.
निळीत बसाले पुरा माणूस लागते."

मी खुर्ची दिली.
त्यांनी माउसवर हात ठेवला
तसा बाण पडद्यावर नाचायला लागला,
तापल्या तव्यावरच्या थेंबासारखा.
मी उठून प्लॉटरमधला कागद सारखा केला.
तो सारखाच होता.

हिरवी रेघ निघाली
गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडईसारखी.
या ड्रॉइंगमध्ये पहिल्यांदाच
कोणीतरी हातानं काही काढत होतं.
सत्तावीस नंबरवरून वळली, अडली, मागे गेली.
"थांबूनच नाही राहिलं वो," ते म्हणाले,
रेघेला की हाताला, कळलं नाही.

सोडा बोट, काका. ती आपोआप मिटते.
निघालो तिथं परत पोचलंच पाहिजे
असं काही नसतं.

हे बोलले
आणि कूलर फार मोठ्यानं ऐकू यायला लागला.

त्यांनी बोट सोडलं. रेघ गेली.
ती राहतच नाही,
सेव्ह होत नाही, कागदावर उतरत नाही.
दिवसाकाठी मी अशा दोनशे काढते
आणि संध्याकाळी एकही नसते.
राहतं ते फक्त उजळलेलं :
तीन झाडं, विजेचा खांब,
कुणाच्या तरी संडासाची भिंत,
आणि विहीर.

काका पडद्याजवळ गेले. चष्मा वर, मग खाली.
"इथं नव्हती ही, पोरी.
सव्वादोन मीटर उत्तरेले.
साखळी म्याच धरली होती, सत्त्याऐंशीचा एप्रिल.
तेव्हाही पाणी होतं."

साइटवरून आलेली यादी माझ्या कीबोर्डखाली होती,
अर्धी बाहेर. तिसरी ओळ : विहीर काढणे.
त्यांनी वाचली असेल, नसेलही.

"आता हे सोडाचं कसं?"
एस्केप. वर, डाव्या कोपऱ्यात.
डिलीट तिथून पार दुसऱ्या टोकाला असतं,
तरी त्यांचं बोट निघालं तेव्हा
मी श्वास धरला होता हे खरं.

लागलं. सगळं विझलं.
उरलेला चहा त्यांनी बशीत न ओतता घेतला,
दुपट्टा घट्ट केला, आणि उन्हात गेले.

मग मी विहीर धरली,
सव्वादोन मीटर उत्तरेला नेली, जागेवर.
उद्या काढायचीच आहे.
पण होती तिथून काढेन.