डब्यावरचा त्रिकोण

एकतीस वर्षं शाहूपुरीतल्या दुकानात
डब्यावरचे त्रिकोण बघून मी औषध विकलं.
लाल म्हणजे जहाल, पिवळा त्याच्या खालचा,
मग निळा, मग हिरवा.
गिऱ्हाईक विचारायचं, "जोरात कुठलं?"
माझा हात लालकडं जायचा.

आता फुलेवाडीत, गच्चीवर
अकरा कुंड्या, रंगाचे दोन रिकामे डबे,
आणि जास्वंदीच्या शेंड्यावर पिठ्या ढेकूण,
गादीवाल्यानं कापूस विसरावा तसा.
मनगट आपोआप वळलं
झाकण फिरवल्यासारखं.

शेजारच्या हमीदाभाभी कठड्यावरनं म्हणाल्या,
"एवढ्याशाला तोफ कशाला वो?
जुना टूथब्रश घ्या. रिठ्याचं पाणी घ्या. घासा."
घासलं. पानामागं, बेचक्यात,
जिथं मी कधी नजर घातली नव्हती.
फवारा बघत नाही कुठं.
तो फक्त पोचतो.

पावसात गोगलगाई.
गुळाच्या पाण्यात पोतं भिजवून
रात्री कुंड्यांच्या मध्ये अंथरायचं.
"गूळ बरा घाला," भाभी म्हणाल्या, "पावणी यायचीत."
सकाळी पोतं उचललं, तर चोवीस.
बादलीत मिठाचं पाणी तयार होतं.
चहा निवला.
टाकल्या. खोटं कशाला सांगू?
पण एकेक मोजून टाकल्या.
दुकानात मी फक्त डबे मोजले होते.

थंडीत वालावर मावा.
कडूनिंबाचं तेल बाटलीत गोठलेलं,
बाटली बनियनच्या आत धरून बसलो उन्हात.
मावा गेला. परत आला.
आंबट ताक मारलं,
तर खालनं घोरपड्यांचा पोरगा:
"काका, कढी सांडली काय?"

मग एक दिवस त्याच वेलावर
काळी, खरबरीत, मगरीच्या पिल्लासारखी अळी,
पाठीवर नारिंगी ठिपके.
मी ब्रश उचलला.
"हात लावू नका! आपल्यातली हाय ती."
चित्रांग भुंगेऱ्याचं पोर, भाभींनी सांगितलं.
कुठल्याच डब्यावर तिचं चित्र नव्हतं.
कुठल्याच गिऱ्हाइकानं विचारलं नव्हतं
की मारताना हिचं काय.

खुर्ची ओढून बसलो.
कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा एक पेला संपायला
जेवढा वेळ लागतो,
तेवढ्यात तिनं तीन मावे संपवले
आणि मान वळवून
चौथ्याकडं निघाली.