वाडीत वाडी

इथं वाडी म्हणजे नदी.
अकरा महिने नुसते गोटे, त्यांवर बकऱ्या,
आणि एखाद्या रात्री डोंगरावरून मातकट पाणी,
गाड्यांसकट.
आमच्याकडं, गुहागरला, वाडी म्हणजे माड, पोफळी,
चिऱ्याचा गडगा, गडग्याला बेडं.
मी सहमला, अर्बाबच्या खजुरीच्या वाडीत राखणीला.
परवा रात्री वाडीत वाडी शिरली.

पूर्वेची भिंत सगळी गेली.
फाटक तेवढं राहिलं, लोखंडी, हिरवं,
कुलपासकट पाण्यात उभं,
लग्न उरकल्यावर राहिलेल्या कमानीसारखं.

खाडीचं तोंड फुटलं, समुद्र आत आला
आणि खजुरींच्या बुंध्यांमधून मासे उडू लागले.
बोय! मी ओरडलोच.
बियाह, म्हणाला फाटकाबाहेरचा म्हातारा,
जुमआ बिन मरहून, खांद्यावर पाग.
मागे त्याच्या सुना, नाती, टोपल्या, प्लास्टिकचे टब.

अर्बाब मस्कतहून फोनवर:
कुणाला आत घेऊ नकोस. जमीन माझी,
जमिनीवर आलं ते माझं.
मी तसंच सांगितलं, मोडक्या अरबीत.
जुमआ म्हणाला, जमीन त्याची, हे खरं.
पाण्याखालून काढून दे त्याला.
वर उरेल ते आम्ही घेऊ.

आणि हलला नाही.
चार पावलांवर भिंत नव्हती, कुणीही आलं असतं.
तो फाटकासमोरच, घोट्याभर पाण्यात,
माझ्या कमरेच्या किल्लीकडे बघत.

खाजणाचा बांध फुटला त्या वर्षी
खोतानं माझ्या बापाला धरलं होतं.
पंधरा बोयी.
त्याचाच पाग त्याच्या अंगावर टाकून
देवळापर्यंत चालवलं.
मी मागून चालत होतो.
सोळावी माझ्या चड्डीच्या खिशात होती.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं.
आळ्याआळ्यांत मासे तडफडू लागले, वास सुटला,
बगळे आले. त्यांनी कुणाला विचारलं नाही.
अर्बाब म्हणाला, राहू दे, खत होईल.

दुपारच्या बांगेनंतर मी कुलूप काढलं.
फाटक गाळात रुतलेलं.
पलीकडून जुमआनं उचललं, अलीकडून मी.
भिंत नसलेल्या जागी
दोन माणसं तासभर
एक फाटक उघडत होती.

मग त्यानं पाग टाकला.
एक चुणी नाही. गोल.
बापाचा असाच पडायचा.

संध्याकाळी फोन: फाटक कुणी उघडलं?
म्हटलं, गाळ फार आहे, बंद होत नाहीये.
हे खरंच होतं.

खोलीवर आलो तर उंबऱ्यात
खजुरीच्या झापात गुंडाळलेल्या दोन बोयी.
एक तळली.
दुसरी हातात घेऊन
बराच वेळ उभा राहिलो,
खिसा नसलेल्या लुंगीत.