उरलेलं पाणी

अत्राउच्या प्रयोगशाळेत कार्लिगाश
बोटभर दगडात पारा दाबते.
रुंद वाटा आधी भरतात, सहज.
मग दाबाचा काटा चढतो, चढतच राहतो,
पारा मात्र केसभर सरकतो.
आलेखाच्या उभ्या शेपटीशी ती लिहिते:
इथलं पाणी हटणार नाही.
तेल आलं, मोठ्या खोल्या बळकावल्या,
पाणी फटींना बिलगून बसलं.

रात्री वडील, जुने मासेमार,
साखरेचा खडा चहाला नुसता टेकवतात;
चहा आपसूक वर चढतो.
"समुद्र आणखी मागे गेला.
होडी आता गवतात आहे."

ती खड्याकडे बघत राहते.
"एक जुना समुद्र आहे अजून,
तीन हजार मीटर खाली, दगडात.
शंभरात बावीस."

ते खडा दाताखाली धरतात.
"आणि मासे?"