शरीराच्या तापमानात

डबी लहान आहे, पांढऱ्या झाकणाची.
वर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर माझं नाव, त्याचं नाव
आणि वेळ : अकरा वाजून दहा मिनिटं.
नर्सने बजावलं होतं, तासाच्या आत आणा,
अंगाशी धरून आणा,
शरीराच्या तापमानात राहिली पाहिजे.

हे थंडीत सांगितलं असतं तर समजलं असतं.
काल नागपुरात पंचेचाळीस पूर्णांक दोन होतं.
आज अकरालाच डांबर मऊ झालंय,
आणि या शहरात त्यातल्या त्यात थंड जागा
म्हणजे माझ्या कुर्त्याच्या आत, डाव्या बाजूला,
जिथे आई भाजीचे सुटे पैसे ठेवायची.

घरून आणायचं कारण असं की मागच्या वेळी
क्लिनिकच्या त्या खोलीत निखिलेश
चाळीस मिनिटं बसून तसाच परतला.
बाहेरून कुणाचे तरी सासरे दार ठोकत होते,
"काहून जी, किती वेळ लावून राहिले?"
त्यांना ते संडास वाटलं.
तो हे सांगताना हसला. मीही हसले.
मग बराच वेळ दोघांनी पंख्याकडे पाहिलं.

मानेवाड्याहून निघालो.
मेडिकल चौकात सिग्नलवर हिरवी जाळी बांधलीय,
तिच्या चौकटी-चौकटीच्या सावलीत
सगळ्या गाड्या एकमेकींत घुसून उभ्या.
पुढे वाळ्याच्या ताट्यांनी भरलेला टेम्पो,
कुणीतरी त्यावर पाणी मारलं असावं,
तो वास आला आणि मी उगाच डबीवर हात ठेवला,
झोपलेल्याच्या कानावर ठेवतात तसा.

"आहे ना?" तो मागे न बघता.
"आहे."
अजनीच्या पुलावर पुन्हा, "आहे ना?"
"आहे."
सात वर्षांत आम्ही इतकं थोडं
आणि इतकं नेमकं कधी बोललो नव्हतो.
बेसाच्या प्लॉटचे हप्ते थांबवले तेव्हाही
त्याने नुसती पासबुकाची घडी घातली होती.

धंतोलीत, चष्म्याच्या दुकानावर तिसरा मजला.
इथे कुणी स्कार्फ सोडत नाही.
ऊन खालीच राहिलं, एसी चालू आहे,
तरी सगळ्या डोळ्यांपुरत्या उघड्या.
भिंतीवर मात्र दुसऱ्यांची बाळं, बिनकपड्यांची, हसरी.

त्या ओळीत मी एक पाऊल ओळखलं.
अंगठ्याशी फुगलेलं हाड, तुटून जोडलेली जोडवी.
निखिलेशची सुलूकाकू.
पुतणीच्या बारशाला पाळण्याची दोरी
माझ्या हाती येता येता जिने अलगद दुसरीकडे वळवली होती,
"तू बाई पोह्यांचं बघ" म्हणून.
शेजारी तिची सून, मांडीवर फाइल,
फाइल उलटी धरलेली.

तिनेही मला ओळखलं असणार.
माझा हात अजून छातीशी होता.
त्या दोन डोळ्यांत मला काय दिसलं ते
मी आजही नीट सांगू शकत नाही,
आनंद झाला मला, क्षणभर, खरं सांगते,
आणि मग त्या आनंदाची घाण वाटली.

खिडकीतल्या मुलीने डबी घेतली,
उजेडात धरली, लिहिलं : अकरा बावन्न.
"उन्हात नाही ना धरली?"
नाही म्हटलं.
कुर्त्याच्या आत एक गोल ओला वळ राहिला,
तिथे एकदम गार वाटू लागलं.

वळले तर काकूने बाजूच्या खुर्चीवरची पिशवी
उचलून खाली ठेवली होती.
"बस," म्हणाली. मग, "किती तापून राहिलं बाहेर."
पिशवीतून बाटली काढली, मला दिली.
मी पाणी प्यायला स्कार्फ सोडला.
मग सुनेने सोडला.
काकूची गाठ मागे घट्ट बसली होती,
तिला ती सुटेना,
आणि आम्ही दोघी
एकीने एक टोक, दुसरीने दुसरं धरून
ती सोडवत बसलो.

खालून निखिलेशचा फोन,
त्याला अजून गाडीला सावली मिळाली नव्हती.
"दिली?"
"दिली."