दोन खड्डे

माझ्या वावरात लटारू मेश्रामची सब्बल
गुडघ्याइतक्यातच वाजली.
"मुरूम लागला, बाई," तो म्हणाला
आणि खिशात विडी शोधत बसला.

खाली, चिंधू भोयरच्या वावरात,
तोच लटारू दुपारपर्यंत दिसेनासा झाला.
नुसतं टिकास वर यायचं, जायचं,
आणि काळ्या ढेकळांचा ढीग
धुऱ्यापेक्षा उंच.

लांजेवार मॅडम आत उतरल्या.
चाकूनं भिंत खरवडली,
ओलं ढेकूळ मळून बोटांत सुतळीसारखं वळलं,
रंगांच्या पुस्तकातल्या चौकोनांशी लावून बघितलं,
लुगड्यावर चोळीचं कापड जुळवतात तसं.
मग बाटलीतून दोन थेंब.
चुनखडी फसफसली.

माझे सासरे हेच जिभेनं करायचे,
थुंकून सांगायचे :
मोरंड. खरडी. बरड.
मॅडमनी तिन्ही शब्द वहीत उतरवले,
ड का ढ, विचारून.

वर्षानं नकाशा आला.
ग्रामपंचायतीत, झेंड्याच्या काठीशेजारी टांगला.
मी आधी माझा गट शोधला, एकशे बारा.
मग धुरा शोधला,
ज्याच्यापायी चिंधूशी सात वर्षं बोलणं नाही.
धुरा नव्हताच.
एक पिवळा डाग माझ्या वावरातून निघून
तपकिरी, मग काळा होत
त्याच्या वावरातून नाल्यात शिरला होता,
पंगतीत एका पत्रावळीवरून सुटून
शेजारच्या पत्रावळीखाली गेलेल्या वरणासारखा.

कृषी सहायक म्हणाला, अनुदान आहे.
पण बांध उताराला आडवा पडेल,
दोघांच्या वावरातून.
सह्या दोघांच्या.
सातबारा, आधार, पासबुकाची झेरॉक्स,
आणि जागेवर उभं राहून काढलेला फोटो,
दोघांचा. एकत्र.

संध्याकाळी गेले चिंधूकडे.
तो गोठ्यात कुटार टाकत होता.
बैलाकडेच बघत म्हणाला,
"पाह्यला म्या नकाशा.
तुही माती माह्यापाशी हाय.
पन व्याज नोको मांगू."

"व्याज राहू दे. पावती दे."

पेन दोनदा उठलं नाही.
त्यानं झटकलं, फॉर्म बैलाच्या पाठीवर ठेवला,
बैल हलला,
आणि भोयरमधला भ
चौकटीबाहेर, माझ्या नावापर्यंत आला.

खड्डे तेव्हाच बुजवले होते लटारूनं.
मॅडम बजावून गेल्या होत्या :
खालची खाली, वरची वर.
तरी चिंधूच्या खड्ड्याची माती
खड्ड्यात मावली नाही म्हणे.
चार घमेली उरली.

यंदा माझ्या वावरात,
जिथं सब्बल वाजली होती तिथं,
तुरीचा एक चौकोन
बाकीच्या तुरीपेक्षा हातभर उंच आहे.
नकाशात तो नाही.

लटारूला विचारलं.
तो विडी शोधत बसला.