साडेसात

सोलोंगो तिसऱ्यांदा आली तेव्हा
तिनं लॅपटॉप काउंटरवर आपटला नाही.
लोकरी शालीतून बाळ काढावं तसा काढला
आणि म्हणाली, "ये रे माझ्या मागल्या."

बाहेर उणे एकतीस. उलानबातरच्या धुरात सूर्य म्हणजे
काचेवर राहिलेला बोटाचा ठसा.
गारठलेलं यंत्र लगेच चालू करू नये, आत दव धरतं.
आम्ही खारा चहा घेतला
आणि ते उबेला यायची वाट पाहत बसलो.

पहिल्यांदा मी ड्रायव्हर काढला होता,
सेफ मोडमध्ये जाऊन, मुळासकट,
मग नवा घातला. चार दिवस चालला.
दुसऱ्यांदा म्हटलं, नवा नको, जुनाच बरा,
दोन वर्षांपूर्वीचा, खात्रीचा.
तर विंडोजनं रात्री गुपचूप उठून
पुन्हा नवाच आणून बसवला,
सुनेनं लावलेली भांडी सासूनं परत लावावीत तसा.
ते अपडेट बंद केलं. पंखे उघडले:
मांजराचे केस, कोळशाची काजळी.
चिपवरचं वाळलेलं मलम खरवडलं, नवं लावलं.
पैसे घेतले. पावतीवर लिहिलं, दुरुस्त.

दुखणं रेड्याला, औषध पखालीला.

"पडदा जातो कधी?"
हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.
"संध्याकाळी. साडेसातच्या आसपास.
आधी चित्र गोठतं, आवाज एका अक्षरावर अडकतो,
मग काळं.
मग कोपऱ्यात येतं, की ड्रायव्हर थांबला होता, आता सावरलाय.
सावरतो म्हणे! तोवर मी मेलेली असते."
"रोज?"
"रविवार सोडून."

रेडिओपासून आजवर इतकी यंत्रं उघडली,
रविवार पाळणारं एकही पाहिलं नाही.

गुरुवारी मीच तिच्याकडे गेलो, टेकडीवर,
कुंपणाला कुंपण लागलेल्या तंबूंच्या वस्तीत.
भाऊ तिचा, झोरिग, दक्षिणेला खाणीत.
सातला त्याची पाळी सुटते.
मग दोघं एका खेळात एक किल्ला राखतात.
"फोनवर आम्हाला बोलायला सुचत नाही," ती म्हणाली.

सात पंचवीस. किल्ल्यावर बर्फ पडत होता, बाहेरही.
सात एकतीसला शेजारचं फाटक वाजलं.
त्सेरेन्दुलम आजी धुलाईच्या कामावरून परतली असणार.
मी पडद्याकडे नाही, छताच्या दिव्याकडे पाहत होतो.
दिवा पिवळा पडला.
चार्जरचा हिरवा ठिपका एकदा मिटला, उघडला.
आणि काळं.

घोडं इथे पेंड खात होतं.
एका खांबावरून ओढलेली एक तार,
त्यावर आजीचा हीटर, आणि त्यावरच हा किल्ला.
वीज डगमगली की लॅपटॉप बॅटरीवर उडी मारतो,
मोठी चिप काम टाकते, धाकटी उचलायला जाते,
आणि त्या देवाणघेवाणीत बिचारा ड्रायव्हर
ना इकडचा ना तिकडचा.
तीन महिने आम्ही त्यालाच हाकलत होतो.

"आणि रविवारी?"
"आजी लेकीकडे जाते," सोलोंगो म्हणाली,
मग बराच वेळ काही बोलली नाही.
"तिला सांगू नका हं."

मी कशाला सांगू?
थंडी तिचीही उणे एकतीसच.

दुकानाच्या मागे एक लोखंडी खोका होता,
टीव्हीच्या काळातला, रशियन, आठ किलोंचा,
वीज सरळ करून देणारा.
बायको तीनदा भंगारात घालायला निघाली होती.
तो टेकडीवर चढवताना माझा श्वास दोनदा संपला.
सेटिंगमध्ये धाकट्या चिपला सुट्टी दिली,
सगळा भार थोरलीवर.

साडेसात. फाटक. दिवा पिवळा.
खोका खालच्या पट्टीत गुरगुरला,
हिरवा ठिपका मिटला नाही.
किल्ल्यावर बर्फ पडतच राहिला.

हेडफोनमधून झोरिगचा आवाज मलाही ऐकू आला:
"आज पडली नाहीस?"
"नाही."
मग दोघंही गप्प.
रोज याच वेळी ते ड्रायव्हरला शिव्या द्यायचे,
आता काय बोलायचं?

मी बूट चढवले.
या वेळी पावतीवर दुरुस्त लिहिलं नाही.
नुसती तारीख घातली.
मागून सोलोंगो विचारत होती,
"जेवलास का?"